खालच्या पट्टीवरची फोल्डरं

४ मार्च, मंगळवार

बाण आपोआप हलला! मी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवले होते. तरी पडद्यावरचा बाण उठला, चालत चालत कोपऱ्यात गेला, तिथं जरा थांबला आणि मग कामाला लागला.

प्रज्वल होता तो. माझा पोरगा. रस्त्यापलीकडच्या त्याच्या कंपनीत बसून आमच्या वर्कशॉपच्या शेडमधला कॉम्प्युटर चालवत होता. फोनवर म्हणाला होता, 'आई, पडद्यावरचा नंबर वाच. मग हो वर दाब. मग कशाला हात लावू नकोस.' नाही लावला.

झालं काय, नवा कॉम्प्युटर आल्यापासून मला काही म्हणता काही सापडेना. ड्रॉइंगचं फोल्डर कशाच्या तरी आत, ते आणखी कशाच्या आत. ऑर्डर देणाऱ्या पार्टीचा माणूस फोनवर थांबलेला, आणि मी आपली उघडतेय, मिटतेय, घाम पुसतेय. शेवटी पोरालाच लावला फोन. हे — म्हणजे आमचे उद्धवराव — तेव्हा मागे ग्राइंडरवर होते म्हणून बरं. प्रज्वलचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा शटर ओढल्यासारखा बंद होतो.

प्रज्वलनं पडद्याच्या तळाशी असते ना पट्टी, तिच्यावर चार फोल्डरं आणून बसवली. ड्रॉइंग, चलन, कोटेशन, रिपोर्ट. प्रत्येकाचं चित्र वेगळं, रंग वेगळा. एक टिचकी, की उघडलंच. आता धुंडाळायला नको. मग कोरं पान उघडून त्यावर लिहिलं, 'झालं आई. जेवलीस का?'

मला 'हो' लिहायला इतका वेळ लागला की तोवर तो निघून गेला होता.

५ मार्च, बुधवार

दिवसभर उगाच उघडबंद करत बसले. काम नसताना सुद्धा. खालची पट्टी मला आता आमच्या जुन्या चाळीसारखी वाटते, सगळ्यांची दारं एका ओळीत, कुणाकडंही डोकवावं.

किती जवळ आहे तो! शेडच्या फाटकातून बाहेर पडलं, रस्ता ओलांडला, वजनकाटा मागं टाकला की त्याच्या कंपनीचं गेट. पायी निघाला तर चहा गार व्हायच्या आत पोचेल. महाळुंग्यात एवढ्या कंपन्या, आणि ह्याला नोकरी लागली ती नेमकी समोर.

दोन वर्षं बापाच्या हाताखाली शेड चालवली त्यानं. मग म्हणाला, बाबा, मला मोठ्या मशीनवर शिकायचंय, नोकरी करतो. ह्यांच्या डोळ्यांपुढं काय होतं, तर बोर्डावर दोघांची नावं. त्या दिवशी रागात बोलून गेले, 'चाललास ना? मग मी बोलवल्याबिगर ह्या शेडात पाय ठेवू नको.' पोरगं बापाच्याच वळणाचं. नाही ठेवला. घरी पिंपरीलाही येत नाही. मीच पुनावळ्याला त्याच्याकडं जाते, बघून येते. ह्यांना सांगून जाते, हे काही बोलत नाहीत. कसा आहे तो, एवढं सुद्धा विचारत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

शेडला सुट्टी. आळूवड्या घेऊन पुनावळ्याला गेले. प्रज्वल कामावर. सूनबाई घरीच, दिव्याचं ऑफिस घरूनच असतं.

दिव्यानं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, 'आई, प्रज्वलला गुजरातच्या प्लांटला पाठवतायत. दोन वर्षं. महिनाअखेर निघायचंय, मीही जाणार.' तिला वाटलं मला आधीच माहीत असेल. मी तोंडाकडं नेलेली वडी परत बशीत ठेवली.

परत येताना बसमध्ये सगळा रस्ता तेच डोक्यात. बापलेक न भेटता हा गेला, तर पुन्हा जवळ येणं अवघड आहे. दोघांनाही मी आतून ओळखते. एक बोलवणार नाही, दुसरा बोलवल्याशिवाय येणार नाही, आणि वर्षं जातील. मला दुसरं काही नको. जायच्या आधी त्यानं एकदा शेडात यावं, ह्यांच्यासमोर उभं राहावं. एवढंच हवंय मला.

८ मार्च, शनिवार

आज एक उद्योग केला.

ड्रॉइंगच्या चित्रावर माऊसची उजवी टिचकी मारली. यादी आली, तिच्यात 'अनपिन' होतं. दाबलं. चित्र गेलं! पण आतलं फोल्डर होतं तिथंच असतं, नुसतं पट्टीवरून निघतं, हे मला प्रज्वलनंच सांगितलेलं.

फोन केला. 'अरे, ते ड्रॉइंगचं गेलं बघ.'

'कसं गेलं?'

'मला काय माहीत बाबा.' असं भोळं तोंड करून म्हणाले, आणि फोनवर तोंड दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

त्याच्या कंपनीचा जेवणाचा भोंगा झाला तसा बाण आला. मी हनुवटीला हात लावून बघत बसले. दहा बाणांत सुद्धा मी त्याचा बाण ओळखला असता. झरझर जातो, आणि दाबायच्या आधी थबकतो. लहानपणीही तो कुठलीही वस्तू उचलायच्या आधी असाच थबकायचा, माझ्याकडं वळून बघायचा. घेऊ का? घे.

'झालं आई. जेवलीस का?' ह्या वेळी 'हो' आधीच लिहून ठेवलं होतं.

१० मार्च, सोमवार

आज चलन घालवलं. आला.

११ मार्च, मंगळवार

आज रिपोर्ट. मला लाज नाही.

बाण फिरत होता आणि हे आत आले, हाताला तेल, फडक्याला हात पुसत. पडद्याकडं बघून थांबले. 'काय हालायलंय ते?'

'नेटवाला दुरुस्त करायलाय,' मी म्हणाले. आवाज कसा आला कोण जाणे.

हे गेले नाहीत. उभेच राहिले. बाणानं फोल्डर धरलं, शॉर्टकट केला, त्याच्या पत्त्यापुढं काहीतरी शब्द लिहिला, चित्र बदललं, खाली आणून बसवलं. माझा जीव मुठीत, कारण आता तो कोरं पान उघडणार आणि जेवलीस का म्हणणार. नेटवाला कुणाला जेवलीस का विचारतो? मी घाईनं पडदाच बंद केला.

'शिकलेला दिसतो,' हे म्हणाले आणि परत ग्राइंडरकडं गेले.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पोळ्या केल्या. दिव्या येऊन डबा घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी बाण नाही.

१५ मार्च, शनिवार

दुपारी मशीन बंद झाल्या की शेड कशी पाण्याखाली गेल्यासारखी होते. पत्रा तापलेला, पंखा नुसता फिरतोय, लांब कुठंतरी ट्रकचा हॉर्न. मी खुर्चीत डोळे मिटले. मिटले म्हणजे लागलेच.

बाण पडद्यातून बाहेर आला. टेबलावरून खाली उतरला. लेथपाशी गेला, थबकला. ड्रिलपाशी गेला. माठापाशी जाऊन वाकला, पाणी पिऊन आला म्हणा ना. मग ह्यांच्या पाठीमागं उभा राहिला. ह्यांनी वळूनही न बघता पायानं स्टूल मागं सरकवलं. बस. एवढंच म्हणाले, बस. आणि तो बसला! बाण कसा बसेल, पण बसला. मला त्यात काहीच नवल वाटत नव्हतं. दोघं एकच ड्रॉइंग बघत होते. मी चहा टाकायला उठणार, तेवढ्यात खरोखरचा चहा समोर आला.

'ताई, झोपंत हसत व्हता की तुमी,' गिरजाबाई म्हणाली. ती शेड झाडते, चहा करते, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मी म्हटलं, हसू दे गं, जागेपणी कुठं मिळतंय. ती गेल्यावर मात्र रडू आलं. चांगलं घळाघळा.

१८ मार्च, मंगळवार

आज चारही घालवली. धीर चेपलाय माझा.

बाण आला, रिकाम्या पट्टीवरून इकडून तिकडं गेला. मग काम न करता आधी कोरं पान उघडलं. 'आई, चारही कशी जातील?'

मी लिहिलं, 'अपडेट आला होता.'

'अपडेटनं असं होत नाही.'

बाण एका जागी उभा. मला त्याचा श्वास ऐकू येतोय असं वाटलं. मग मीच एक एक अक्षर शोधून लिहिलं, 'जायच्या आधी शेडला ये ना.'

लगेच आलं, 'बाबा बोलवतायत?'

काय लिहू? हो लिहायला ही दोन बोटं पुरली असती. पण खोट्या बोलावण्यावर आलेल्या पोराकडं ह्यांनी पाठ फिरवली तर? मग कायमचंच. मी लिहिलं, 'मी बोलावतेय.'

'तुझ्याकडं तर रोज येतो की, आई.'

मग त्यानं चारही फोल्डरं जागच्या जागी बसवली.

१९ मार्च, बुधवार

डबा खाताना ह्यांना सांगून टाकलं. 'प्रज्वलची बदली झाली. गुजरात. महिनाअखेर निघतोय. दोन वर्षं यायचा नाही.'

भाकरीचा घास हातातच राहिला. मग खाल्ला. 'जाऊ दे की,' म्हणाले. 'मोठ्या मशीनवर शिकायचं होतं ना त्याला.'

मला असा राग आला! म्हटलं, तुम्ही दोघं ना, एकाच साच्यातून काढलेले आहात, आणि साचाच मुळात वाकडा. डब्यातली दुसरी भाकरी तशीच परत आली.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं संपलं.

दुपारी फोन न करताच बाण आला. मी काही घालवलंही नव्हतं. मला इतका आनंद झाला, वाटलं नुसतं भेटायला आला. त्यानं पडद्यावर एक नवी फाइल करून ठेवली, तिला नाव दिलं 'सगळं परत'. मग कोऱ्या पानावर लिहिलं, 'आई, आता पट्टीवरून काहीही गेलं तरी हिच्यावर दोनदा टिचकी मार. चारही फोल्डरं आपोआप येतील. मला फोन करायला नको. मी तिकडं गेल्यावर तुझं अडू नये म्हणून केलंय.'

किती गुणाचं पोर. माझं अडू नये म्हणून रात्र जागला असेल त्याच्यासाठी. आणि माझी शेवटची फट बुजवून गेला.

'छान,' लिहिलं मी.

२२ मार्च, शनिवार

करून बघितलं. चारही काढली, 'सगळं परत' दाबलं. आली परत, ओळीनं, न चुकता. कुणी थबकलं नाही, कुणी जेवलीस का विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार

ती फाइलच काढून टाकावी असं मनात आलं. उजवी टिचकी मारली सुद्धा. मग हात आखडला. त्यानं केलेलं माझ्या हातानं मोडवेना. खूप झाली ही लबाडी, सुमन. पोरगं सामान बांधतंय आणि तू इथं चित्रं पुसत बसलीस.

चार वाजता चहाला हे आत आले. खुर्चीमागं उभे राहून बशीतला चहा फुंकत होते. मग म्हणाले, 'आज हालंना का तुझा बाण?'

'दुरुस्त झालं सगळं,' मी म्हटलं. 'आता येणार नाही नेटवाला.'

'कायमचंच?'

'कायमचंच.'

बशी टेबलावर ठेवली. चहा अर्धा तसाच.

२५ मार्च, मंगळवार

दिव्याचा फोन. सामानाचा टेम्पो शनिवारी. मी नुसतं हं हं करत राहिले. संध्याकाळी फाटकाशी उभी राहून त्याच्या कंपनीतून सुटणारी माणसं बघितली. सगळ्यांचे शर्ट सारखे. एक पाठमोरा प्रज्वलसारखा वाटला, नव्हता.

२६ मार्च, बुधवार

बाहेरून आत आले तर हे माझ्या खुर्चीत. चष्मा नाकावर, माऊस दोन्ही हातांनी धरलेला. खालची पट्टी रिकामी. एक फोल्डर शिल्लक नाही.

'तू काढायचीस तसंच काढलंय,' म्हणाले. 'बघत होतो की मागून.'

सवयीनं माझा हात 'सगळं परत'कडं गेला. ह्यांनी मनगट धरलं. 'ते दाबू नको. त्याला फोन लाव. फोल्डरं गेली म्हण.'

'लावते. पण तो तिथूनच करेल हो. बाणच पाठवील.'

'कसा पाठवंल?' ह्यांनी शर्टाच्या खिशातून नेटची वायर काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. 'बाण नको मला. त्याला म्हण, बाबानं बोलवलंय.'

फोन झाला. हे फाटकात जाऊन उभे आहेत, हात पुसत.