गाडी आली की काढायचं पोतं

माय, तुझ्या घरात कधी काही जागेवर नव्हतं. ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना हसत हसत सांगत आलो, आणि शेवटी माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: म्हणून माझ्या घरात सगळं जागेवर असतं. गेल्या महिन्यापासून ते वाक्य तोंडातून निघत नाही. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होता तो तुझा नातू आता बायको-लेकराला घेऊन दिवाळीनंतर हिंगोलीला भाड्याच्या खोलीत राहायला जाणार म्हणतोय. पोरीच्या शाळेसाठी जातो, असं तो सांगतो. मी विचारलं, "इथं शाळा न्हाई का?" तर म्हणाला, "हाय ना." मग काहून, म्हटल्यावर भिंतीवरच्या खुंट्यांकडं बघत म्हणाला, "तिथं जरा मोकळं राहता येतं, बाबा." आपलं घर पाच खोल्यांचं. तिकडं दोन. तेव्हा मला वाटलं, पोरगं हिशोबात कच्चं आहे. खरं कारण मागाहून कळलं, आणि ते ज्या रीतीनं कळलं त्यात तुझाही हात निघाला. म्हणून हे तुला लिहून राहिलो.

तुझं घर मला अजून डोळे मिटून दिसतं. मिठाचा डबा चुलीपाशी नाही, कारण शेळ्यांना मीठ चारायला तो तू गोठ्यात नेलेला असायचा आणि तिथंच विसरलेला. कात्री गोधडीच्या घडीत. काडेपेटी घरभर शोधायची आणि ती निघायची तुझ्याच कमरेला खोचलेली. काही मागितलं की तू मोठ्या खात्रीनं सांगायचीस, "तिथंच हाय बघ, पेटीवर," आणि पेटीवर ते कधीच नसायचं. मग तू, मी, बाप, शेजारची काकू, सगळे मिळून शोधायचे. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी माझं हॉलतिकीट असंच शोधलं. जीप फाट्यावर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. मी रडकुंडीला आलेला, आणि तू चुलीपुढं बसून शांतपणे म्हणतेस, "घरातच हाय ना बाबा? मग हरवलं कसं म्हणतोस?" पावसाळ्यात मिरच्या संपत आल्या तेव्हा ते डब्याच्या तळाशी निघालं. चांगला जाड कागद म्हणून तू तो अंथरला होतास. माझं शिक्षण मायच्या पसाऱ्यात गेलं, हे मी पुढं चारचौघांत किती वेळा सांगितलं. खरं तर मास्तर दुसऱ्या दिवशी दारात आले होते. म्हणाले, दुसरं करून देतो, बाकीच्या पेपरांना चल. मीच गेलो नाही. गणिताचा माझा अभ्यास झालेला नव्हता. पसाऱ्यावर खापर फोडणं सोपं होतं, आणि तू ते मुकाट्यानं डोक्यावर घेतलंस.

नंतर मी जे शिकलो ते कुणी शिकवलेलं नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, एकेका वेटोळ्याचे फेरे मोजायचे, तारेची जाडी बघायची, आणि नव्या तारेनं होतं तसंच्या तसं भरायचं. एक फेरा कमी पडला तरी मोटार गरम होते. वारंगा फाट्यावर दुकान टाकलं तेव्हा भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगानं काढली. पाना उचलला की त्याची रिकामी आकृती दिसायची, म्हणजे काय कुठं गेलं ते न विचारता कळायचं. न विचारता, हे महत्त्वाचं. मला वाटायचं, घरातली सगळी भांडणं या विचारण्यातून निघतात. त्याच कमाईतून मी तुला स्टीलचे डबे आणले, उतरत्या मापाचे. प्रत्येकावर मी स्वतः रंगानं नाव घातलं: हळद, तिखट, मीठ, साखर. वेलांटी पहिली की दुसरी हे शेजारच्या गुरुजींना विचारून घेतलं. तू खुरपणीला गेली होतीस. दिवसभर खपून मी तुझं स्वयंपाकघर लावलं आणि तू आल्यावर बाजूला उभा राहिलो. तू दारातच थांबलीस. डोक्यावरचं गवत तसंच. म्हणालीस, "कुणाच्या घरात आले रे मी?"

मी ते वाक्य कौतुक म्हणून घेतलं. तसंच ते मी सगळ्यांना सांगतो, सांगायचो. त्यानंतर तू प्रत्येक डबा उघडून आत बघायचीस आणि कधी कधी मला हाक मारायचीस, "बाबा, यातली हळद कोणती?" मी ओरडायचो, "नाव लिहिलंय ना त्यावर!" तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तुझ्या अंगठ्याची शाई मीच तर पुसायचो. पण त्या वेळी डबा सरळ रेषेत आहे का एवढंच मला दिसायचं.

तू गेल्यावर हे सगळं वाढतच गेलं. माझ्या घरात प्रत्येकाला एक खुंटी, आणि ती ज्याच्या त्याच्या उंचीवर, लेकराचीसुद्धा. किल्ल्या, काडेपेटी, बॅटरी दाराच्या उजव्या हाताला, कारण लाइट गेली की हात आधी उजवीकडं जातो. वस्तू घेतली तिथं ठेवायची, वापरली तिथं नाही. उद्याची भाजी आजच ठरवून निवडून ठेवायची, म्हणजे सकाळी कुणाचं तोंड वाकडं होत नाही. नवा डबा घरात आला तर एक जुना बाहेर. चपला दाराशी, टाचा भिंतीकडं, म्हणजे बाहेर पडताना नुसता पाय घालायचा. यात चूक काहीच नाही, माय, हे मी आजही म्हणेन. लोक मला बोलावतात. कुणाचं नवं घर झालं की फळ्या किती उंचीवर ठोकायच्या ते मला विचारतात. गेल्या महिन्यात हट्टा गावच्या बचत गटाच्या बायकांनीही बोलावलं, घर नीटनेटकं कसं ठेवायचं यावर दोन शब्द सांगायला. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. हे सगळं त्यांना सांगितलं. बायकांनी मन लावून ऐकलं. मग मागं बसलेली एक म्हातारी उठली.

"भाऊ, समदं बराबर हाय तुमचं. पण तुमच्या घरी हे करतं कोण?"

"सगळेच करतात, मावशी."

"अन् तुमी?"

"मी बघतो ना, कुठं काय चुकलं ते."

बायका इतक्या हसल्या की चहाचे कप आणणारी मुलगी दारात थांबली. मलाही हसू आलं. मला वाटलं, मी विनोद केला.

त्या दिवशी सकाळीच माझ्या मोटारसायकलची क्लचवायर तुटली होती. गाडी फाट्यावर मेकॅनिककडं टाकून मी जीपनं हट्ट्याला गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा गाडी दुरुस्त व्हायची होती म्हणून पायीच घरी निघालो. भर दुपार. दार सताड उघडं. आतून हसण्याचा आवाज येतोय. मला आधी वाटलं, पाहुणे आलेत. बघतो तर पुढच्या खोलीत मधोमध धुतलेल्या कपड्यांचा ढीग, शेंगांची टरफलं, एक चप्पल पालथी, आणि स्वयंपाकघरातले डबे एकावर एक रचून त्याची उतरंड करून नात त्यावर पळीनं वाजवतेय. माझी बायको, तुझी सून, कमरेला पदर खोचून माझी नक्कल करून राहिली. मान वाकडी करून, एक बोट वर करून, "ही पळी इथं काहून आली? काय, पळीला पाय फुटले का?" आणि माझी सून, केस मोकळे, भिंतीला टेकून डोळे पुसत हसतेय. सहा वर्षं ती माझ्या घरात आहे. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगतो, क्षणभर मला ते बरं वाटलं. कुठंतरी ऐकलेलं घर वाटलं.

मग नातीनं मला पाहिलं. पळी टाकली आणि ओरडली, "आबा आले! आज्जी, पोतं! पोतं काढ!"

सगळं एकदम थांबलं. सुनेनं केस बांधले. बायको ढिगावर वाकली. चार वर्षांचं ते लेकरू दाराच्या मागं गेलं आणि ज्वारीचं एक रिकामं पोतं ओढत बाहेर घेऊन आलं. तोंड उघडं धरून उभं राहिलं, जसं काही हे रोजचंच काम. आणि कुणी त्यात काही टाकत नाही हे बघून, ते पोतं तिथंच सोडून दाराशी आलं, खाली बसलं, आणि चपला लावायला लागलं. टाचा भिंतीकडं. लावून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "बराबर हाय का, आबा?"

मी काय म्हणायला पाहिजे होतं ते कुणालाही सांगता येईल. मी म्हणालो, "डावी उजवीकडं गेलीय."

तिनं लगेच बदलली. "आता?"

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. मी विचारलं, कसलं पोतं ते. तिनं विळीवरून मान वर केली नाही. "पसाऱ्याचं. तुमच्या गाडीचा आवाज आला की समदं त्यात टाकायचं. तुमी दुकानात गेलात की काढायचं."

"कधीपासून?"

"लगीन झालं तवापासून."

"तुला शिकवलं कुणी हे?"

तेव्हा ती थोडी हसली. "कुणी म्हंजे? सासूबाईंनी. नवी नवरी होते मी. हातातून तांदळाचं ताट सांडलं, अन् तेवढ्यात तुमची गाडी वाजली. मला रडूच फुटलं. तर त्या धावत आल्या पोतं घेऊन. म्हणल्या, रडतीस काहून? लेकरू हाय ते माझं, वाईट न्हाई. फकस्त त्याला दिसू देऊ नको."

माय, हे वाक्य मी त्या दिवसापासून घेऊन फिरतोय. तू मला घाबरायचीस का, हे मला विचारायचंय. तू घाबरत नसशील. तुझ्यासारख्या बाईला कोण घाबरवणार? पण तू मला ओळखलं होतंस, आणि माझ्यापासून एका परक्या पोरीला वाचवायचं म्हणून, जन्मात एक वस्तू ठरलेल्या जागी ठेवलीस: ते पोतं, दाराच्या मागं. आणि माझ्याबद्दल वाईट बोलली नाहीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. 'वाईट न्हाई' म्हणालीस, ते मला उचलवत नाही. इतकी वर्षं माझ्या घरात दोन घरं होती, एक मी असताना आणि एक नसताना, आणि माझ्याच हातच्या खुंट्या बघत मी समाधानानं जेवत होतो. मला आठवतंय, तुझ्या घरात कात्री सापडेपर्यंत निदान चार माणसं एकमेकांशी बोलायची. बाप त्या दिवशी बोललेला नसला तरी शोधताना बोलायचा. माझ्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. सगळं जागेवर असतं ना.

पोरगा जाऊ नये असं मला वाटतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दुकानात बसून मी एक वाक्य तयार केलं, उगाच लांबण न लावता: घरात पसारा राहू द्या, पण जाऊ नका. मोटार भरताना फेरे मोजतो तसं ते मनात मोजून घेतलं. त्या दिवशी जेवायला सगळे एकत्र बसलो. सून वाढत होती. पोरगा माझ्या समोरच. मी घास ठेवला, तोंड उघडलं, आणि म्हणालो, "लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडं राह्यलंय." सुनेनं उठून झाकण लावलं. पोरानं पुढचा घास घेतला.

ते वाक्य अजून आत आहे. तुला हे पाठवता येत नाही ते एक वेळ ठीक. पण ज्यांच्या हातात हे द्यायला पाहिजे ती माणसं याच घरात आहेत, भिंतीच्या पलीकडं, आणि त्यांनाही मी ते देणार नाही, हे मला आत्ताच कळतंय.

एक मात्र करून राहिलो. दुकानातून घरी येताना मारुतीच्या देवळापाशी, आपल्या गल्लीत वळायच्या आधी, मी हॉर्न वाजवतो. लांब. मग गाडी बंद करतो आणि तिथंच उभा राहतो. पानटपरीवाला विचारतो, "काय मालक, कुणाची वाट बघून राहिले?" मी काहीतरी सांगतो. काल नात ओट्यावरून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आबा, तुमी देवळापाशी काहून थांबता?"

"गाडी गरम होती बाई. थंड होऊ देतो."

"रोजच गरम होती?"

"व्हय."

तिनं ते सगळ्यांना सांगितलं. आज सकाळी सून पोराला म्हणताना ऐकलं, बाबांची गाडी एकदा दाखवा कुणाला तरी, रस्त्यात बंद पडायची. पोरगा म्हणाला, बघतो. मी बाहेर चपला घालत होतो. ऐकलं, गाडीला किक मारली आणि निघालो.

माय, गाडीला काही झालेलं नाही.