दाराजवळचे चार मिलिमीटर

तीर्थरूप दादास, धाकट्याचा दंडवत. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळव. वहिनींना खोकल्याच्या औषधाचा गुण आला असेलच. (नसेल तर बाटली न हलवता घेत असतील.) आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

नव्या गोदामाची काँक्रीटची जमीन मी ओतली, आणि तिथली इंजिनिअर माझीच सून. (घरी मी बाबा, कामावर मिस्त्री. नमस्कार फक्त घरी.) परवा तिनं तिपाईवर लाल उजेडाचं यंत्र ठेवलं. ते गरगर फिरलं आणि दाराजवळचा कोपरा चार मिलिमीटर वर आहे म्हणालं. म्हणजे ती म्हणाली. चार मिलिमीटर म्हणजे किती, तर माझ्या चपलेचा झिजलेला तळ. तिचं म्हणणं, इथे छताला टेकतील अशा मांडण्या उभ्या राहणार, खाली एवढंसं चुकलं की वर चार बोटं झुकतात. झुकू देत. मीही जन्मभर वाकूनच काम केलंय, पडलो का कुठे?

मी सगळ्या गवंड्यांसमोर सांगून टाकलं, की ज्या पाण्याच्या नळीनं आपण दोघांनी चाळीस वर्षं जमिनी सपाट केल्या, तिला हे कालचं यंत्र खोटं पाडणार असेल, तर मी थापी कायमची खाली ठेवीन. नळीला ना बॅटरी लागते ना शिक्षण. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीवर थांबलं की भिंतीवर खूण करायची, झालं. पाणी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे मिस्त्री, सोमवारी सगळ्यांसमोर पुन्हा मोजू." म्हटलं, मोज. दहादा मोज. तेव्हापासून मला घास गिळवत नाही, (हे मी कोणाला कळू दिलेलं नाही, दोनदा वाढून घेतो) आणि घरात तिच्याशी बोलणं बंद आहे. मीठ हवं असलं तर बायकोकरवी मागतो. माघार मी घेणार नाही. जमीन सपाट आहे म्हणजे आहे.

तुझा,
कोणापुढे न नमणारा भाऊ

ता. क. दादा, दाराजवळची शेवटची खूण घेताना नळीच्या तोंडावर माझा अंगठा तसाच राहिला होता. मागे एकदा पाणी सांडलं, तेव्हापासून धास्ती बसलीय. अंगठा काढल्याशिवाय पाणी हलत नाही, हे तूच मला शिकवलंस. वाचून झालं की पत्र फाड.

आणखी एक. रविवारी ती माहेरी जाणार आहे. तुझं जमीन घासायचं मशीन टेम्पोत टाकून सकाळीच ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, मशीन मी धरीन. थापी सुटली तर मी दिवसभर घरात बसून करू काय?

शेवटचं. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता सुनेनं घातला. पत्र वाचलं नाही म्हणते. फक्त जाता जाता म्हणाली, "बाबा, मोठ्या काकांना लिहा, मशीनला नवे दगड लावून आणा. जुन्यांनी चार मिलिमीटर जायचे नाहीत. आणि रविवारचा डबा मी दोघांचा करून ठेवते."