भिकुबाईंवाचून आखाजी

मु. कसबा, पांझरेकाठ
वैशाख शुद्ध एकादशी, शके १८५७

चिरंजीव रतिलाल यास,

तुझ्या मामाच्या गावाहून, पण मामाच्या समोरच्या काठाहून, तोताराम आबाचा पोटभर आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे? स्टेशनातल्या रात्रपाळ्या आणि दोंडाईच्याच्या मिरचीचा ठसका, दोन्ही एका नाकाने सोसायचं म्हणजे सोपं नाही. सौ. कमलबाईंची कंबर धरली होती ती सुटली का? तान्हीला दात आले का, आणि आले असल्यास पहिला चावा कोणाला घेतला? म्हैस आटली असं तुझ्या जीवराममामाकडून कळलं, वाईट वाटलं. आणि तुझ्या मातोश्री भिकुबाई? त्यांचे गुडघे दुखतात हे तू मामाला लिहिलंस, पण आम्हा कसबेकरांना त्यांच्या गुडघ्यांशी कधीच कर्तव्य नव्हतं. घसा कसा आहे, तेवढं लिही.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पत्राच्या आरंभी तसं लिहायची रीत आहे. (मी वाण्याच्या पुडीच्या कागदांवर वाचायला शिकलेला माणूस. त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींचा मधलाच भाग ठाऊक असतो, आरंभ आणि शेवट वाण्याने फाडून दुसऱ्या कोणाला दिलेले असतात. पत्रात चुकलंमाकलं तर सांभाळून घे.)

तर झालं असं. म्युनिसिपालिटीच्या नव्या इमारतीसाठी गावाचा इतिहास लिहून हवा होता. जुनं दप्तर अर्धं पुरात गेलं आणि उरलेलं वाळवीने वाचून संपवलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी आधी पुरुषांना विचारलं. कसब्यातल्या सात घरांच्या सात मूळपुरुषांनी एकाच दिवशी, एकाच लिंबाखाली, एकट्याने गाव वसवलं, एवढी माहिती मिळाली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या गावाचा खरा इतिहास दप्तरात नाहीच मुळी. तो दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, नदीत उभा राहून ओरडतो!

तू लहानपणी मामाकडे यायचास, तेव्हा तुला आईच्या कडेवरून हा शिव्यांचा बार दिसलेला आहे, पण आता तू बुकिंगच्या खिडकीतून जग पाहतोस म्हणून पुन्हा सांगतो. माहेरी आलेल्या लेकी गौराई पाण्यात शिरवायला नदीवर येतात. या काठाला कसब्याच्या, त्या काठाला पेठेच्या, मधे वैशाखातली गुडघाभर पांझर. आणि मग दोन्हीकडून शिव्या. पण आपल्या गावचा कायदा असा, की शिवी खरी पाहिजे. समोरच्यांच्या घराण्यात जे घडलं तेच बोलायचं. खोटं बोललं की बार हरला, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना सांजोऱ्या खाऊ घालायच्या. आता तूच सांग, ज्यातला शब्द अन् शब्द शत्रूने तपासून घेतलेला आहे असा इतिहास दुसऱ्या कुठल्या गावाकडे आहे? धुळ्याकडे नाही. जळगावकडे तर नाहीच नाही.

आमच्या बायका ओरडतात, की पेठवाल्यांनी एक शेळी बांधायला जागा मागितली आणि हातपाय कापसाच्या जिनापर्यंत पसरले. झाली की नाही पेठेच्या वसाहतीची हकिगत? तुझी आई आमच्या पाटलांबद्दल ओरडायची, ‘तुना आजला पुरमा म्हैसनं शेपूट धरीसनी तरना, आन् बायकोले झाडवर इसरी गया!’ झाली मोठ्या पुराची हकिगत. (बायको दुसऱ्या दिवशी उतरवली. तिने पुढे पाच वर्षं पाटलांना म्हशीचं दूध घालायचं बंद केलं होतं, असं पुढच्या ओळीत आहे.) आणि प्लेगच्या सालचं तर तुझ्याच घरातलं आहे. कसबा ओस पडला होता, आम्ही शेतात झोपड्या घालून राहत होतो, आमच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. तेव्हा पेठेतून रोज भाकरीची टोपली यायची. आणणारी होती तुझी आई, ऐन विशीतली पोर. नदीतल्या खडकावर टोपली ठेवायची आणि मागे सरायची. घ्यायला जायची माझी थोरली बहीण झुंबरअक्का. पहिल्याच दिवशी अक्का टोपली उघडून ओरडली, ‘करपेल शे!’ आणि पलीकडून उत्तर आलं, ‘फुकटनी खास, आन् वर नाव ठेवस!’ त्या दिवसापासून दोघींचं जमलं. आजही आमच्या शिव्यांत पेठेच्या करपलेल्या भाकरी आहेत आणि पेठेच्या शिव्यांत फुकट खाणारा कसबा आहे. उपकार तोंडावर बोलून दाखवायचे नसतात, रतिलाल, आणि विसरायचे तर त्याहून नसतात. म्हणून आपल्या गावाने ते शिवीत घालून ठेवले. अशा शहाण्या गावात माझा जन्म झाला याबद्दल मी रोज सकाळी देवाला हात जोडतो.

असो. यंदा ठरवलं, की बार ऐकायचा आणि इतिहास उतरवून घ्यायचा. पण पुरुषांना त्या वेळी नदीवर बंदी. (त्यांनी पारावर पत्ते कुटावेत अशी सोय आहे, आणि आखाजीला ते ती मनापासून पाळतात.) मी दुपारीच पेठेच्या बाजूच्या टरबुजाच्या वाडीत, राखणदाराच्या खोपीत जाऊन बसलो. ऊन मी म्हणत होतं, आणि आत माझ्यासोबत एक कुत्रं होतं. त्याला इतिहासाची आवड नव्हती, ते माझ्या धोतरावर झोपलं.

बायका आल्या. धरणगावहून माहेरी आलेली अक्का आमच्या काठावर पुढे उभी राहिली, पदर खोचला, समोर नजर टाकली, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर भिकुबाई नव्हत्या. त्या येणार नाहीत हे तुझ्या मामाने पेठेला सांगितलं होतं, पण अक्काला सांगायची छाती कोणाची झाली नव्हती. पेठेने त्यांच्या जागी हेडमास्तरांच्या पुष्पाबाईंना उभं केलं होतं. बाई गुणाची आहे, पुण्याकडची, शाळेत गाणी सुरेख शिकवते. अक्काने शेळीची शिवी दिली. पुष्पाबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, ‘आपल्या वाडवडिलांस व्यवहार बेताचाच कळत असावा, असं आमच्या ऐकण्यात आहे. चूक असल्यास क्षमा असावी.’

अक्का बाजूच्या बाईला म्हणाली, ‘हाई भांडाले ऊनी का हळदीकुंकूले?’ आणि गौराईची टोपली तिने वाळूवर ठेवली. साठीला टेकलेली माझी बहीण, जिच्या आवाजाने बैल बुजायचे, ती वाळूवर बसली. मला ते बघवेना. आणि बघवलं नाही की माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे अक्कल गहाण टाकली. खोपीतूनच, बारीक आवाज काढून, भिकुबाईंच्या थाटात मी कसब्याला शिवी दिली!

हेतू चांगला होता. अक्काला उत्तर द्यायला काहीतरी मिळावं. पण घाईत शिवी सुचेना. पेठेच्या बायकांना ठाऊक असलेली एकही मला आठवेना, आणि कायदा तर खरं बोलायचा. म्हणून मला जे खरं आठवलं तेच ओरडलो, की पहिली आगगाडी पाहून कसब्याचा पाटील बाभळीवर चढला, आणि लोक उतरवायला गेले तर म्हणाला, आधी तिला खुंट्याला बांधा, मग उतरतो.

हे पाटील म्हणजे आमचे वडील. ते उंचावरून नीट दिसावं म्हणून चढले होते, असंच आजवर आम्ही गावाला सांगत आलो. खुंट्याची गोष्ट आमच्या चुलीबाहेर कधी गेलेली नव्हती. अक्का ताडकन उठली. ‘हाई पेठनी बाई नही,’ ती म्हणाली, ‘हाऊ मना भाऊ शे!’

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला अजून बसता येत नाही. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही काठ एक झाले. खोपीवर ढेकळं आली, टरबुजाच्या साली आल्या, एक अख्खं टरबूजही आलं (ते गोड होतं). पुष्पाबाईंनी फेकलेलं ढेकूळ नेमकं माझ्या कपाळावर बसलं. ‘लागलं का हो?’ असं त्यांनी विचारलंही, आणि दुसरं उचललं. कुत्रं मला सोडून त्यांना मिळालं. आणि सगळ्यात कडी म्हणजे शिवी खरी ठरली आणि आमची उंचावरून पाहण्याची गोष्ट खोटी, म्हणून पेठ जिंकली. कसब्याला सांजोऱ्या घालाव्या लागल्या. माझ्याच तोंडून, माझ्याच बापावरून!

अक्का हसली असती तर मी आणखी दहा ढेकळं खाल्ली असती. पण ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही, हेच वाईट. तेव्हापासून ती ओसरीच्या खांबाला टेकून बसून आहे. आमरस परत पाठवते. मी भरीत भाजून आणलं, तुरकाठ्यांवर, तिला आवडतं तसं. तिने वांग्याला नावसुद्धा ठेवलं नाही. काल एवढंच म्हणाली, ‘आते काय जगनं, मले नावं ठेवनारंच कोनी राहिनं नही.’ पुढल्या वर्षी माहेरी येणार नाही म्हणते.

तू मामाला लिहिलंस ते मी वाचलं, की बुकिंगबाबूच्या आईने नदीकाठी उभं राहून शिव्या देणं स्टेशनातल्या मंडळींत बरं दिसत नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पोराला आईची अब्रू जपावीशी वाटते, हे चांगलंच. पण तुझ्या आईची अब्रू इकडे कशावर उभी आहे, ते मी वर लिहिलं आहे. स्टेशनमास्तरांनाही घेऊन ये हवं तर. त्यांच्या घराण्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही, माहितीच नाही.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा
तोताराम आबा

ता. क. – वरचं पत्र इतिहासासाठी लिहिलं असं तुला वाटलं असेल. इतिहासाचं काम म्युनिसिपालिटीने आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं. (अध्यक्षांच्या सौभाग्यवती नदीवर होत्या.) माझं मागणं एवढंच आहे: चार दिवस भिकुबाईंना इकडे पाठव. आखाजी गेली हे मला कळतं, पण नदी कुठे गेलेली नाही. जीवराममामा गाडी घेऊन स्टेशनावर येईल. त्याच्याशी मी बोललो आहे. म्हणजे पलीकडून ओरडून.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवताना अक्का मागे येऊन उभी राहिली. मी तुझ्याकडे गयावया करतो आहे हे तिला कळलं, आणि आठ दिवसांनी आज ती माझ्यावर ओरडली. भिकुबाईंसाठी तिने हे सांगितलं आहे, एक अक्षर न बदलता त्यांना वाचून दाखव: ‘भिके, तुमना पेठना घाट आमना देऊळना उरेल दगडस्ना शे. तोंड शे ते ये, नहीते पोऱ्याना बंगलामा लपीसनी बस!’ सांगून झाल्यावर तिने पाणी मागितलं, आणि अर्धी भाकरी. रतिलाल, आता भिकुबाई जे म्हणतील ते उलट टपालाने कळव. आणि लिहून घेताना तू त्यात सभ्यपणा घालू नकोस, बाबा. अक्काला लगेच कळेल, आणि ती उरलेली अर्धी परत पाठवेल.