शिलाईपुरती जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

माझं मशीन आज माझ्याशिवाय चाललं! पायडलवर पाय नाही, मी आपली पलंगावर बसून मटार सोलतेय, आणि टेबलावरच्या स्पीकरमधून खटखट खटखट!

सूनबाई जाहिरातींना आवाज जोडते, तेच तिचं काम. परवा म्हणाली, "आई, जरा काहीतरी शिवा ना, मला मशीनचा आवाज हवाय." मी उशीचा अभ्रा शिवला. तिने त्यातला चिमूटभर आवाज कापला आणि शेपूट तोंडाला जोडून गोल फिरवला. ह्याला लूप म्हणतात. म्हणजे कमरेचं इलॅस्टिकच की! एकदा जोडलं की टोक सापडत नाही. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

ह्यांना सांगायला धावले. दारात गेल्यावर आठवलं — ह्यांना कुठलं ऐकू येतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

म्हटलं, मला शिकव. सूनबाई हसली नाही, हे तिचं चांगलं. जुना लॅपटॉप दिला. पडद्यावर चौकटी आखलेल्या असतात, गणिताच्या वहीसारख्या. एका ओळीत एक आवाज. आवडला तर ठेवायचा, नाही तर उचलून फेकायचा, कुणाला विचारायला नको! माऊस तेवढा हातात राहत नाही. कात्रीसारखा धरते म्हणून असेल.

मी एका दमात सोळा ढोल ठेवले. सूनबाई म्हणे, "आई, भिंत पाडताय का?"

हे समोर पेपर वाचत होते. मान वर नाही.

दोन वर्षं झाली. कानाचं मशीन आणलं होतं. दोन दिवस घातलं, "सगळं पत्र्यावर आपटल्यासारखं येतं" म्हणाले आणि टाकलं खणात. ऐकणं गेलं ते गेलं, जाताना बोलणंही घेऊन गेलं. हो-नाही सगळं मानेनेच. आमच्या शिलाईच्या दुकानात माप घेता घेता गिऱ्हाइकाला इतकं हसवायचे की माप चुकायचं, तो हा माणूस! आता घरात मीच बोलते. कुकरशी बोलते, भिंतीशी बोलते, नाही तर मग, वहीबाई, तुझ्याशी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लूपपायी दूध उतू गेलं. मांजरावर ढकललं. आमच्याकडे मांजर नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाई कामासाठी बाहेरगावी, मला रान मोकळं. आज स्वतः आवाज घेतले! ह्यांची मोठी कात्री — कच्च, कच्च. बटणांचा डबा हलवला, तो तर पैंजणांच्या वरताण. मग माझं मशीन, आणि सगळ्यांच्या खाली ढोल. चौघांचा मिळून एक तुकडा कापला, गोल जोडला, वाजवला. पहिली फेरी झकास. दुसरीच्या तोंडाशी ठेच! तिसरीला ठेच! ढोल बदलला, बटणं काढली, परत घातली. ठेच आपली तिथंच.

सूनबाईला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे. कापलेलं एकदा नीट बघा." घ्या! कापणं आता मला शिकवणार. माझ्या हातचा एक कपडा कधी परत आला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून तेच लावून बसले होते. आवाज मोठा, टेबल हादरत होतं. ह्यांना काय त्रास! हे समोर, पेपर पसरलेला, तळवा टेबलावर. आणि एकदम —

"अडखळतंय."

मी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून! हे स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. पेपर सारला, दुसराही तळवा टेकवला, डोळे मिटले. नवं कापड चाचपायचे तसे.

"जोडावर अडखळतंय. दोन्हीकडे शिलाईपुरती जागा सोडलीस ना?"

सोडलीच होती! आधी बोटभर, नंतर बोटभर. जागा न सोडता कापायला हात धजतोय का? ह्यांनीच तर शिकवलं! पण आवाजाला कुठली आलीय शिलाई? काठाला काठ भिडवायचा, की संपलं. मी जोरजोरात मान हलवली, हो, सोडली!

हे हसले. पेपर खाली पडेपर्यंत हसले. "इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलीस, तीही नको तिथे वापरलीस!"

टोमणा! दोन वर्षांनी मला टोमणा मारला! दोन्ही बाजू छाटल्या, वाजवलं. ठेच गायब. ह्यांचं एक बोट टेबलावर ताल धरून होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं, नाही तर थांबवलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

म्हणाले, ढोल फार घट्ट बसलाय, जरा सैल सोड. सोडला. बरोबर होतं! मास्तर तो मास्तरच.

दुपारी विचारलं, "ढोल कळतो मला. त्याच्यावर काय आहे?" कागदावर लिहून दाखवलं — बटणं, मशीन, कात्री.

"कुठली कात्री?"

'तुमची' लिहिलं. कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खण उघडल्याचा आवाज झाला. बघते तर हे, आणि कानात मशीन! मी घाईघाईने गाणं लावायला गेले. ह्यांनी मनगट धरलं.

"ते नंतर. आधी तू बोल."

आणि मला — मला! — एक शब्द सुचेना.