साडेचार तासांची काठी

मिल्टन ग्रोव्ह, नेब्रास्का
११ जानेवारी

ती. नॉर्लीन हिस,
धाकट्या गार्थचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, याला आता काय झालं? काही झालेलं नाही. फोनवर आपण बहीणभाऊ हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. इथे गुडघाभर बर्फ आहे. एनेटला जाऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी माझ्या हातून दोघांची कॉफी होते आणि उरलेली मोरीत जाते. बायको गेल्यावर घर एवढं गप्प होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. लेक ओरेगनहून दर रविवारी फोन करते. बाबा जेवलात का, म्हणून विचारते. मी हो म्हणतो. झालं टेसाचं आणि माझं बोलणं.

नाताळच्या कार्डात तू सहज लिहिलं होतंस की तुझ्या समोरचं घर रिकामं आहे. ते डोक्यातून जाईना. हे घर विकून तिकडे आलो तर? तुझ्या घरात नको, तुझी शिस्त मला झेपायची नाही. समोरासमोर राहू, म्हणजे भांडणही रस्त्यातच होईल. येऊ का? हो किंवा नाही, सरळ लिही. मला आडवळणाचं कळत नाही.

आणि आता हसू नकोस. एप्रिलमध्ये तुमची ती डोंगरावरून वाळवंटात उतरायची मॅरेथॉन असते ना, तिच्यात मी नाव घातलंय. तू इतकी वर्षं तिथे काठी घेऊन धावतेस आणि मी एकदाही पाहिलेलं नाही. सगळा उतारच तर आहे. गडगडत यायचं, त्यात काय एवढं!

लोभ असू दे. शिल्लक असेल तर थोडा जास्तच पाठव.
तुझा गार्थ


ड्राय वेल्स, नेवाडा
२ फेब्रुवारी

चि. गार्थ यास,
अ. उ. आ. (सत्तावन्न वर्षांच्या घोड्याला चिरंजीव लिहिताना माझंच मला हसू येतं.)

त्यात काय एवढं म्हणणारे सपाटीवरचे शहाणे दरवर्षी येतात, आणि दरवर्षी आम्ही त्यांना गाडीत घालून खाली आणतो. अरे बाबा, चढावर नुसता दम लागतो. उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे ब्रेक, आणि तो लागतो मांड्यांवर. बोटं बुटावर आपटून नखं काळी पडतात आणि गळतात. बूट अर्ध्या नंबराने मोठे घे, नखं बारीक काप. वर पहाटे पाइनच्या झाडीत दात वाजतात, खाली ऊन भाजून काढतं. म्हणून अंगात टाकून द्यायचा स्वेटर घाल. सगळे तसंच करतात. सुरुवातीलाच रस्त्याकडेला भिरकावतात, आणि मागून आमची माणसं ते ढीग उचलून गरजूंना देतात. नवा कोट घालून मिरवत येऊ नकोस.

माझी काठी साडेचार तासांची. तिच्या टोकाला तशी पाटीच असते. तिच्या मागे जो राहील तो साडेचार तासांत पोचणार, हा माझा शब्द. लवकर नाही, उशिरा नाही. वाटेत कुणासाठी थांबायचं नाही, हा पेसरचा, म्हणजे काठी धरून वेग राखणाऱ्याचा, पहिला नियम, कारण मागचे सगळे त्या काठीवर भिस्त ठेवून धावत असतात. तेव्हा निमूट माझ्या मागे राहा. सुरुवातीला पाय म्हणतील, पळ. त्यांचं ऐकू नकोस.

समोरच्या घराचं म्हणशील तर त्याचं छप्पर गळतं असं ऐकलंय. आधी शर्यत तर पळ, मग पाहू. मला एकटीची सवय आहे. अंगणात कोल्हे येतात, त्यांच्याशी माझं बरं चाललंय.

बाकी क्षेम. रागावते ती मायेने, एवढं ध्यानात ठेव.
नॉर्लीन


मिल्टन ग्रोव्ह
३ एप्रिल

ती. नॉर्लीन हिस,
सा. न. वि. वि.

तयारी जोरात आहे. इथे सगळ्यात उंच जागा म्हणजे रेल्वेवरचा पूल. त्यावर चढतो, उतरतो, परत चढतो. शेजारचा वेंडेल ट्रक थांबवून विचारून गेला, गार्थ, काही हरवलंय का? हो म्हणालो. तो उतरून शोधू लागला. भला माणूस आहे.

तू माझा प्रश्न सफाईने टाळलास. छप्पर गळत असेल तर मी कशाला आहे? जन्मभर लोकांची छपरं शाकारली, बहिणीच्या समोरचं एक मला जड आहे का? तेव्हा सौदा करू. मी साडेचार तास तुझ्या काठीमागे येतो. खाली रेषेपाशी पोचलो की तू मला एक शब्द द्यायचास. ये म्हण किंवा नको म्हण. माझ्या इथल्या घराला गिऱ्हाईक आलंय, मी त्याला थांबवून ठेवलंय. खरं सांगतो, मला ये हाच शब्द हवाय.

भेटूच. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा गार्थ


ड्राय वेल्स
५ मे

चि. गार्थ यास,
अ. उ. आ.

पाय कसे आहेत? तू नीट पोचल्याचंही कळवलं नाहीस, ते टेसाकडून समजलं.

मला तुझ्याशी भांडायचं नाही, पण झालं ते झालं तसं लिहिते. तू ऐकलं नाहीस. सौदा तूच केलास आणि पहिल्याच वळणावर मला सोडून सुटलास. तो नवा निळा कोटही टाकवेना म्हणून कमरेला बांधलेला. मग पाइनची झाडं संपून जोशुआची काटेरी झाडं लागली, तिथे तू कठड्यावर बसलेला दिसलास, दोन्ही मांड्या धरून. तू हात वर केलास आणि म्हणालास, नॉर्लीन, थांब ना जरा. मी म्हणाले, पाणी पी, मागून गाडी येते आहे. आणि पुढे गेले. माझ्या मागे अकरा जण होते. त्यांनी माझ्या शब्दावर आपले पाय टाकलेले. भाऊ आहे म्हणून थांबले असते तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं? नियम काही मी केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पायऱ्या उलटा उतरलास, दांडा धरून, पाठ रस्त्याकडे करून, आणि मला हसू फुटलं. ते तुला लागलं, मला दिसलं. अरे, इथे या शर्यतीनंतर अख्खं गाव तसंच उतरतं. मीही त्या दिवशी तशीच उतरले. तू टॅक्सीत बसलास आणि एकदाही मागे पाहिलं नाहीस. घराचा विषय तू काढला नाहीस, म्हणून मीही काढला नाही.

उत्तर पाठव. लोभ आटला असेल तर तसं लिही.
नॉर्लीन


ड्राय वेल्स
२८ जून

चि. गार्थ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही. पोस्टाच्या पेटीत रोज हात घालते, वीजबिल निघतं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. शेवटी तो लांबच लांब सरळ रस्ता आहे ना, दोन्ही बाजूंना नुसती वाळू, तिथे मला मागे पावलं ऐकू येईनात. वळून पाहिलं तर कुणी नाही. चौघांच्या अंगात रग होती, ते केव्हाच पुढे निघून गेले होते. बाकीचे उन्हात एकेक करून गळाले. मला पत्ताही लागला नाही, मी आपली घड्याळाकडे बघत होते. काठी उंच धरून, ठरल्या वेळेला, मी एकटीने रेषा ओलांडली. कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाई घड्याळासारखी आली म्हणाले. मला मेलीला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

कुणासाठी थांबले नाही, आणि कुणाला घेऊनही आले नाही. मग तुला रस्त्यात सोडलं ते कशासाठी, हे मला अजून उमगत नाही. शिव्या दे, पण लिही रे.
नॉर्लीन


मिल्टन ग्रोव्ह
२० ऑगस्ट

ती. नॉर्लीन हिस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पोचली. पाय बरे आहेत. दोन नखं गेली, नवी येताहेत.

रागावलो नव्हतो असं म्हणणार नाही. पण तू पुढे गेलीस म्हणून नव्हे. ते मला पटतं. गाढवपणा माझाच. उतार लागला आणि मी विशीतला झालो, वाटलं खाली जाऊन उभा राहीन आणि तुलाच टाळ्या वाजवीन. त्या कठड्यावर बसलो तेव्हा मला गाडी नको होती आणि पाणीही नको होतं. तिथून खाली सगळं वाळवंट दिसत होतं, नुकतं ऊन पडलेलं, गुलाबी. एनेट गेल्यापासून पहिल्यांदाच मला कुणाला तरी, अगं हे बघ, असं म्हणावंसं वाटलं. तेवढ्यासाठी थांब म्हणालो. तेवढ्यात तू गेलीसही.

तू नको म्हणाली असतीस तरी मी समजून घेतलं असतं. जानेवारीपासून तू काहीच म्हणाली नाहीस. त्या रात्री तुझ्या घरी मी जेवणाच्या टेबलाशी मुद्दाम उशिरापर्यंत बसून राहिलो. तू भांडी विसळलीस आणि दिवा मालवलास.

घर विकलं. पुढच्या महिन्यात टेसाकडे जातोय. तिने माझ्यासाठी गॅरेजवरची खोली रंगवून ठेवलीय. पत्ता मागे लिहिलाय. तिकडे सारखा पाऊस असतो म्हणे, छपरांना तोटा नाही.

तब्येतीला जप. माझा लोभ आहे तिथेच आहे.
गार्थ


ड्राय वेल्स
२५ ऑक्टोबर

चि. गार्थ यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी चारदा फाडलं, म्हणून उशीर.

समोरच्या घरात एक तरुण जोडपं आलंय. छप्पर मुळीच गळत नाही. ती दोघं मला हात करतात, मीही करते, आणि आत येऊन भांडी आपटते.

फेब्रुवारीतल्या पत्रातच मला ये लिहायचं होतं. शब्द अगदी हाताशी आला होता आणि मी छपराचं लिहिलं. तू येशील, चार महिन्यांत माझ्या स्वभावाला कंटाळशील आणि सामान बांधशील, याची भीती वाटली. डॅरिल संसार टाकून गेला, तेव्हाच मी ठरवलं होतं की यापुढे कुणाची वाट पाहायची नाही. इतकी वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आले. त्या रात्री तू टेबलाशी का बसला आहेस, हे मला कळत होतं. म्हणूनच दिवा मालवला.

गार्थ, मला फार एकटं वाटतं. हे मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं, आई गेली तेव्हा नाही, डॅरिल गेला तेव्हाही नाही. आता लिहिलं आणि उठून अंगणात एक फेरी मारून आले. कोल्ह्यांशी माझं काही बरं चाललेलं नाही. ते येतात आणि कचऱ्याचा डबा पाडून जातात.

आता तुला ये म्हणायला मला तोंड नाही. म्हणून मीच येते. गाडीत सामान टाकलंय, परवा निघते. पुढच्या शर्यतीला काठी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, असं कळवून टाकलंय. तू बोलावलेलं नाहीस, टेसानेही नाही, हे मला माहीत आहे. तिला सांग, आत्या कोचावर झोपते, तिला खोली लागत नाही. किती दिवस राहणार ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी वाटेत असेन. नको म्हणायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही.

दरवेळी शेवटी आपण लोभ मागतो. या खेपेला कागदावर मागत नाही, समोर येऊन मागते.

तुझीच,
नॉर्लीन

ता. क. मी बेल वाजवली की लगेच दार उघडायला हवंस असं काही नाही. मी बाहेर गाडीत बसेन. तू हवा तेवढा वेळ घे.