बी बाजूचं शेवटचं गाणं

४ मार्च, दुपार
आज इतिहास घडला. अण्णांच्या तिसऱ्या कॅसेटच्या बी बाजूला, अगदी शेवटी, एक गाणं सापडलं. अण्णा गाणी स्वतः लिहितात, स्वतः गातात, आणि गेली सव्वीस वर्षं मी त्यांचा पहिल्या क्रमांकाचा अभ्यासक आहे. (दुसरा क्रमांक अजून कुणी मागितलेला नाही.) मग हे सुटलं कसं? चौथं गाणं संपलं की मी टेप मागे घेतो. आज डोळा लागला, टेप पुढे गेली. याला म्हणतात साधना.

५ मार्च
अकरा वेळा ऐकलं. ‘काल पुन्हा मी सांडलो, कारण आठवत नाही.’ सांडलो! माणूस म्हणजे काठोकाठ भरलेलं भांडं! बायकोला ओळ म्हणून दाखवली. म्हणाली, मग पुसून घे म्हणावं. अरसिक.

९ मार्च
संकल्प: पुस्तिका. नाव, ‘सांडण्याचं तत्त्वज्ञान’. रोज पहाटे पाचला उठून दोन पानं.

१० मार्च, पावणेनऊ
उद्यापासून.

१७ मार्च
छापखान्यात मालकांनी बोलावलं. औषधाच्या माहितीपत्रकात ‘जेवणानंतर घेणे’च्या जागी ‘जेवणानंतर सांडणे’ गेलंय. मुद्रितं मीच तपासली होती. क्षुल्लक बाब. मोठं काम हातात असलं की असं व्हायचंच.

२४ मार्च
पुस्तिका तयार! सोळा पानं. मुख्य सिद्धान्त पान सातवर: ही ओळ अण्णांशिवाय जगात कुणालाही सुचणं अशक्य. चाहता मंडळात वाटली. आम्ही नऊ जण. निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, अहो, हे गाणं तर दर बैठकीच्या शेवटी आम्ही सगळे म्हणतो, तुम्ही नेमके खुर्च्या उचलायच्या वेळी सटकता. निव्वळ मत्सर. पहिल्याच पानावरच्या एका शब्दाबद्दल त्यांना काही सांगायचं होतं. मी थांबलो नाही. अण्णांना एक प्रत रजिस्टर पोस्टाने.

११ एप्रिल, सकाळ
अण्णांचं पत्र! त्यांच्या हस्ताक्षरात! उघडलं नाही. आधी फ्रेम ठरवून आलो.

११ एप्रिल, संध्याकाळ
उघडलं.
अण्णा लिहितात, शब्द ‘सांडलो’ नाही, ‘भांडलो’ आहे. तुमची टेप झिजली असेल. दुसरं म्हणजे, एवढं एकच गाणं माझं नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने लिहिलं, ‘काल पुन्हा मी भांडले’. मी गाताना ‘भांडलो’ केलं आणि कॅसेटवर तिचं नाव घालायचं राहून गेलं. त्यावरून ती अजून भांडते. तुमचं पान सात तिने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.
मला शंका होतीच.
फ्रेमवाल्याला नको म्हणून कळवलं.

१२ एप्रिल
पत्र बायकोच्या हाती लागलं. हसून हसून भिंतीला टेकली. मग म्हणाली, लाव ते गाणं. लावलं. टेप काही झिजलेली नाही. स्वच्छ ‘भांडलो’ ऐकू येतं. दुसऱ्या कडव्याला तिचं हसू थांबलं. गाणं संपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, पुन्हा लाव.
आता टेबलाशी बसून ती अण्णांच्या बायकोला पत्र लिहितेय. तिसरं पान चालू आहे. मी म्हटलं, शुद्धलेखन तपासून देऊ का? नको म्हणाली. पाकीट तेवढं आण.
निघालोय.