क्रूमचा पेला

रूझाताई,

पोमोरीच्या किनाऱ्यावरून तुझ्या सुरकुतल्या गालांचे पापे. गुडघा कसा आहे? माझ्या कोंबड्यांना दाणे टाकतेस ना, की सूप करून संपवल्यास?

इकडे ठीक चाललंय. नेवेना आता दोन्ही वेळा जेवते. जावयाची होडी समुद्रात गेली ती परतलीच नाही, त्याला नऊ आठवडे झाले. पोरगी अजून रोज क्रूमचं पान वाढते, त्याचा पेला भरते.

काल वरच्या खोलीतला डच पाहुणा जेवायला होता. बिचारा शहाण्यासारखं ताट रिकामं करायचा, की मी परत वाढायची. तिसऱ्यांदा घामाघूम झाला! नेवेना म्हणाली, "आई, छळू नकोस गं त्याला. अहो, थोडं पानात ठेवा, नाहीतर ही थांबायची नाही." किती दिवसांनी हसली गं!

मग त्याने पेला उचलला. आपल्यासारखंच एकेकीच्या डोळ्यांत बघून पेल्याला पेला भिडवला. शेवटी क्रूमच्या पेल्याकडे हात नेला, तर नेवेनाने त्याचं मनगटच धरलं.

"त्याच्याशी नाही भिडवायचा," म्हणाली.

पाहुण्याला काय कळणार? गेलेल्या माणसासाठी आपण पेले भिडवत नाही, हे तुला-मला ठाऊक. तिने क्रूमचा पेला उचलला आणि गेलेल्यांच्या नावाने सोडतात तशी वाइनची धार जमिनीवर सोडली. मी फडकं आणलं, पण पुसायला हात धजेना.

इस्टरला येईन म्हटलं होतं. वाट बघू नकोस, पोरीजवळच राहते.

तुझी वात्रट
स्तोयना